मुंबईचं तिकीट नंतर काढ

पत्र (थोडक्यात): खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय 23, बी.कॉम. झालंय. बेळगावच्या उद्यमबागेत (औद्योगिक वसाहत) मशीन शॉपला आहे, हातात 15 हजार येतात. गावच्या यात्रेतल्या नाटकात सलग चार वर्षं काम केलं. दोनदा व्हिलन, एकदा हिरो, एकदा विनोदी. लोक म्हणतात सिनेमात जा. पुण्याच्या एका अ‍ॅकॅडमीनं फोनवरच ‘सिलेक्ट झालास’ म्हणून सांगितलं. तीन महिन्यांची फी 1 लाख 20 हजार, कोर्स झाल्यावर मालिकेत रोल नक्की. त्याआधी एका ऑडिशनला गेलो होतो तर माझं बोलणं ऐकून मागं बसलेले हसले. भाषा बदलू काय? नोकरी सोडून मुंबईला जाऊ काय? वडील म्हणतात आधी घराचं बघ. आणि उंची 5 फूट 4 इंच आहे, चालते काय?

उत्तर:

आधी अ‍ॅकॅडमीचं बोलू, कारण तिथं तुझे पैसे जायला बसलेत. मालिकेतली भूमिका कोणाला द्यायची हे कास्टिंगवाले, दिग्दर्शक आणि निर्मिती संस्था मिळून ठरवतात, आणि मोठ्या भूमिकांना वाहिनीचा होकार लागतो. यातलं कोणीही कुठल्या शिकवणीला आगाऊ शब्द देत नाही. म्हणजे ‘रोल नक्की’ हा शब्द जिथं आला तिथंच व्यवहार खोटा ठरला. तुझं काम न बघता फोनवर निवड झाली म्हणजे निवड पैशाची झाली, तुझी नाही. तरी शंका राहत असेल तर त्यांना तीन गोष्टी विचार: शिकवणार कोण, त्यांनी गेल्या दोन वर्षांत कोणतं नाटक बसवलं, आणि मला एक दिवस वर्गात मागं बसून बघता येईल काय. चांगला शिक्षक तिसऱ्या प्रश्नाला हसत होकार देतो. बाकीचे ‘सीट भरत आल्या’ म्हणतात.

मुंबईचंही आत्ता नको. मालाड-अंधेरीकडं चौघांत एक खोली, मेसचं जेवण, लोकल, फोन धरून महिन्याला 20 ते 22 हजार कुठं जातात कळत नाही. त्यात मालिकेतल्या छोट्या कामाचे पैसे शूटिंगनंतर साधारण 90 दिवसांनी हातात येतात. म्हणजे पहिल्याच आठवड्यात काम मिळालं तरी तीन महिने खिशातूनच. किमान आठ महिन्यांचा खर्च, म्हणजे पावणेदोन लाखाच्या आसपास, बाजूला नसेल तर माणूस चौथ्या महिन्यात कॉल सेंटरला लागतो आणि ऑडिशनच्या वेळी तिथून सुट्टी मिळत नाही. ती नोकरी तुला उद्यमबागेत आहेच.

पण खरं कारण पैशाचं नाही. चार वर्षांत तू चार नाटकं केलीस म्हणतोस, पण प्रयोग किती झाले? यात्रेतलं नाटक दोन महिने तालीम करून एकाच रात्री होतं. म्हणजे तुझे प्रयोग चार. नटाचं खरं शिक्षण दुसऱ्या प्रयोगाला सुरू होतं. पहिल्या रात्री ज्या वाक्याला हशा आला, तिथं दुसऱ्या रात्री शांतता पसरते. मग शोधावं लागतं: आपण अर्धा सेकंद आधी बोललो काय, समोरच्याचं वाक्य पडायच्या आत हललो काय, की काल हशा आला म्हणून आज तो मागायला गेलो? (बहुतेक वेळा तिसरं असतं.) पाचव्या-सहाव्या प्रयोगाला कळतं की वाक्य आपलं नव्हतंच, समोरच्याच्या वाक्याला दिलेलं उत्तर होतं. हे एका रात्रीच्या नाटकात कधीच कळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी मांडव उतरलेला असतो.

म्हणून येत्या दीड-दोन वर्षांचं काम एकच: नोकरी ठेवून, घराजवळ राहून, तीच भूमिका पुन्हा पुन्हा करायला मिळेल अशा ठिकाणी घुसायचं. एकांकिका स्पर्धा करणारा गट धर. एक एकांकिका बसली की ती बेळगाव, कोल्हापूर, सांगली, गोवा अशी फिरते, सहा-आठ प्रयोग सहज होतात. बेळगावात टिळकवाडीच्या वरेरकर नाट्य संघाकडं आणि नाट्य परिषदेच्या शाखेकडं जाऊन सध्या कोणाची तालीम चालू आहे एवढं विचार. 2015 चं 95 वं नाट्य संमेलन याच गावानं भरवलं होतं, इथं नाटकाची माणसं कमी नाहीत. भूमिका मिळाली नाही तर लाइटच्या वायरी ओढायला, नेपथ्य उचलायला, प्रॉम्प्टिंगला (विंगेतून नटाला वाक्य पुरवायला) उभा राहा. प्रॉम्प्टर होणं तर फार चांगलं, कारण तालीम कशी घडते ते पानापानाने दिसतं.

प्रॉम्प्टरवरून आठवलं. गावच्या नाटकातून आलेल्या नटाला दोन खोडी लागलेल्या असतात आणि तुलाही असणारच. पहिली ही की पाठांतर अर्धं असतं आणि कान विंगेकडं लागलेला असतो. वाक्य येईपर्यंत डोळे रिकामे होतात. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण माणूस क्षणभर ‘गेला’ हे दिसतं. कॅमेऱ्यात तर चार पट दिसतं. दुसरी खोड माइकची. रंगमंचाच्या पुढच्या काठावर दोन माइक टांगलेले असतात, ज्याचं वाक्य तो त्याखाली येतो, बोलतो, मागं सरकतो. मग बाप-लेकाचं भांडण असो की नवरा-बायकोचं लाडीगोडीचं बोलणं, दोघंही प्रेक्षकांकडं तोंड करून उभे. चार वर्षांत हे अंगात मुरतं. ते घालवायला तालमीत एक नेम कर: ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं बघूनच बोलायचं, आणि आवाज शेवटच्या रांगेला पोचवायचा, पण ओरडायचं नाही.

आवाजाचं तुझ्या बाबतीत जरा वेगळं आहे. दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात तू नकळत चढ्या आवाजात बोलत असणार. संध्याकाळपर्यंत घसा बसतो आणि तालमीला तू तोच बसलेला घसा घेऊन येतोस. शॉपमध्ये लांबून हाक मारायच्या ऐवजी जवळ जाऊन बोल किंवा खूण कर, बाटलीभर पाणी जवळ ठेव. सराव सकाळी, शिफ्टच्या आधी. पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणणं, ओठ आणि नाकाच्या बाजूला कंप जाणवला पाहिजे. मग श्वास भरून ‘स्’ असा बारीक, एकसारखा सोडायचा आणि घड्याळ लावायचं. सुरुवातीला 12-15 सेकंदांत संपेल, दोन महिन्यांत 30 पर्यंत जायला हरकत नाही. शेवटी आवाज थरथरायला लागला की थांब, तिथं जोर लावला तर गळा आवळायची सवय लागते. मग भजनातला पाठ असलेला एखादा अभंग न गाता, नुसता बोलून म्हण. एका श्वासात एक चरण. चाल काढून घेतली की शब्दांचा अर्थ पहिल्यांदा ऐकू येतो, आणि आजवर आपण तो चालीवरच ढकलत होतो हेही कळतं.

आता भाषा. तुझ्या बोलण्यावर हसले ते त्यांचं अडाणीपण, पण नुसतं तसं म्हणून तुझं काम भागणार नाही. भाषा बदलू नकोस, वाढव. तुझ्याकडं घरची बोली आहे, थोडंफार कन्नड आहे. त्यात प्रमाण मराठी आणि कामचलाऊ नव्हे अशी हिंदी घातलीस की चार भाषांत उभा राहणारा नट तयार होतो. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातली पात्रं मालिकांत, सिनेमांत सतत लागतात आणि पुण्यातली मुलं ‘काय गा’ कुठं म्हणायचं आणि कुठं नाही ते शिकायला धडपडतात. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, कन्नड मुलखात. तेव्हा ‘सीमेवरचा’ म्हणून मान खाली घालायचं कारण नाही.

प्रमाण मराठीसाठी तीन ठिकाणी लक्ष दे, बाकी आपोआप येतं.

एक, च-ज-झ. मराठीत यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चाक’मधला च वेगळा, ‘चंद्र’मधला वेगळा, ‘जवळ’ आणि ‘जीव’ यांचे ज वेगळे, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचे झ वेगळे. कन्नडमध्ये यातला दुसराच उच्चार आहे, म्हणून कन्नडच्या सहवासात वाढलेल्या तोंडात ‘चाक’चा च ‘चंद्र’सारखा येतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

दोन, महाप्राण, म्हणजे ह मिसळलेले वर्ण. घाईत ‘भाजी’ची ‘बाजी’, ‘धार’ची ‘दार’, ‘खिडकी’ची ‘किडकी’ होते. तळहात तोंडासमोर धरून बोल, भ-ध-ख ला हवेचा झोत हाताला लागला पाहिजे. ण आणि ळ मात्र आपल्याकडची माणसं पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा चांगले म्हणतात, ते मुळीच बिघडवू नकोस.

तीन, सूर, आणि सगळ्यात चिवट हाच. आपल्याकडं वाक्याचं शेपूट वर जातं आणि लांबतं: ‘बघ कीऽ’, ‘येतोस कायऽ’. बोलीत ते गोड आहे. पण राग गिळून बसलेल्या माणसाचं ‘मला सगळं माहीत आहे’ हे वाक्य शेवटी वर गेलं की विचारल्यासारखं वाटतं आणि पात्राचा धाकच जातो. यासाठी वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद घे. फोनवर रेकॉर्ड करून आधी घरच्या बोलीत सांग, मग आकाशवाणीच्या वृत्तनिवेदकासारखा वाच, मग घरी आलेल्या पाहुण्याला प्रमाण भाषेत पण सहज सांगतोय असं सांग. ऐकताना फक्त चुकलेल्या शब्दांखाली पेन्सिल मार. रोज वीस मिनिटं, तोच परिच्छेद आठवडाभर. रोज नवा घेतलास तर डोळे शब्द ओळखण्यातच अडकतात आणि कान काम करत नाहीत. हिंदीत ‘मेरेको-तेरेको’ आणि लिंगाच्या चुका यांवर लक्ष ठेव.

आता संहिता हातात आल्यावर काय करायचं. बहुतेक हौशी नट वाक्यं पाठ करतानाच चाल लावून पाठ करतात: इथं ओरडायचं, इथं रडायचं. मग दिग्दर्शकानं ‘हेच हळू आवाजात कर’ म्हटलं की वाक्यच विसरतात, कारण पाठ शब्द नसतात, चाल असते. ऑडिशनला नट पडतो तो बहुतेक इथंच. तिथं पहिल्या टेकनंतर मुद्दाम काहीतरी उलटं करायला सांगतात, तू वळतोस काय ते बघायला. म्हणून शब्द आधी सपाट पाठ कर. स्वतःच्या हातानं लिहून काढ, समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन शब्द आणि आपलं पूर्ण वाक्य असं. मग भांडी घासताना, गाडी पुसताना, भराभर, भावनेशिवाय म्हण. हात कामात असताना न अडखळता आलं म्हणजे पाठ झालं.

त्यानंतर पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याशेजारी एक क्रियापद लिही, मी समोरच्याला काय *करतोय* ते. ‘दुःखी’, ‘रागात’ असं लिहू नकोस, त्यानं नुसता चेहरा ताणला जातो. ‘तू जेवलास काय?’ हे साधं वाक्य घे. उशिरा आलेल्या मुलाला आई विचारते तेव्हा ती *सांभाळते*. वाटणीवरून बोलणं बंद असलेला भाऊ चार महिन्यांनी हेच विचारतो तेव्हा तो *दार किलकिलं करतो*. पैसे मागायला आलेल्याला सावकार विचारतो तेव्हा तो *ताटकळत ठेवतो*. शब्द तेच, पण तिन्ही वेळी तुझी मान, हात, थांबायची जागा आपोआप वेगळी होईल. ती ठरवून करायला गेलास तर खोटी दिसेल. मग पानावर एक आडवी रेघ मार, जिथं पात्राला नवं काही कळतं आणि त्याचा पवित्रा बदलतो तिथं. दोन पानांच्या प्रवेशात अशा दोन किंवा तीन जागा असतात. सात-आठ निघाल्या तर तू जास्त नाटक करतोयस.

निरीक्षणाची वही ठेव म्हणून सगळेच सांगतात, पण तुला ती जास्त लागू पडेल. बेळगावच्या सीबीटीवर (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा रविवार पेठेत अर्धा तास उभा राहा आणि कन्नडमध्ये भाव करणारा माणूस मराठी गिऱ्हाइकाकडं वळतो तो क्षण बघ. भाषा बदलते तसे त्याचे खांदे बदलतात, हाताचे हावभाव कमी-जास्त होतात, आवाज अर्धी पट्टी सरकतो. एका माणसाचं असं एक पान लिही आणि घरी उभा राहून करून बघ. आणि नाटकं बघ. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावर असते तेव्हा स्वस्तात ओळीनं नाटकं दिसतात. त्यातली वाईट नाटकंही शेवटपर्यंत बघ, कंटाळा कोणत्या मिनिटाला आला ते टिपून. बेळगावच्या लोकमान्य रंगमंदिरात काही लागलं की सोडू नकोस. गोकाककडचं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य आणि जानेवारीत बदामीजवळच्या बनशंकरीच्या यात्रेत उतरणाऱ्या कन्नड नाटक कंपन्याही बघ. त्या कंपन्यांतले नट रात्रीमागून रात्र तीच भूमिका करतात. थकलेला नट हशा कसा काढतो ते तिथं दिसतं, आणि यांत्रिक झालेला नट कसा दिसतो तेही.

आता कॅमेरा. आजकाल पहिली फेरी घरूनच होते, फोनवर व्हिडिओ करून पाठवायचा. म्हणजे खानापुरात बसून तू अंधेरीतल्या मुलाच्या बरोबरीनं उभा राहू शकतोस, फक्त तो व्हिडिओ धड पाहिजे. बरेच जण बाद होतात ते अभिनयानं नव्हे. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, म्हणून.

सकाळी आठ-नऊची वेळ धर. खिडकी तुझ्या तोंडासमोर, फोन तुझ्या आणि खिडकीच्या मधे, भिंग तुझ्याकडं. खिडकी तुझ्या मागं गेली की तू काळी सावली. डोक्यावरचा एकटा बल्ब डोळ्यांच्या खोबण्या काळ्या करतो, तो बंद. भिंत साधी, फिकट. देवाचे फोटो, कॅलेंडर उतरव. भिंतीपासून तीन फूट पुढं उभा राहा म्हणजे सावली मागं चिकटत नाही. फोन आडवा, मागचा कॅमेरा, भिंग डोळ्यांच्या रेषेत. स्टँड नसेल तर स्टुलावर डबे रचून त्याला टेकव, पण कोणाच्या हातात देऊ नकोस. अंतर चार-पाच फूट, चौकटीत छातीपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत. झूम करू नकोस, फोन पुढं आण. रेकॉर्डिंग 1080 वर ठेव. 4के केलंस तर फाइल आपल्या नेटवर्कवर अडकून बसते.

आवाजासाठी पंखा बंद, कुकर बंद, शेजारचा टीव्ही बंद करायला सांगून ये. फरशीची रिकामी खोली घुमते, म्हणून खाली सतरंजी-वाकळ टाक, फोनच्या मागं एखादी रजई टांग. समोरच्याची वाक्यं वाचायला बहीण, मित्र कोणीही चालेल, पण तो भिंगाच्या अगदी शेजारी उभा राहील आणि हळू, सपाट वाचेल. तो माइकच्या जवळ असतो, म्हणून साध्या आवाजात वाचलं तरी तुझ्यापेक्षा मोठा येतो. मग ऐकणारा त्याचाच अभिनय ऐकतो. आणि वाचणारा रंगात येऊन नाटक करायला लागला की तुझं संपलं.

ओळख भिंगात बघून द्यायची: नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात. तीस सेकंद बास. प्रवेशात मात्र भिंगात न बघता वाचणाऱ्याच्या डोळ्यांत बघ. सुरुवात आपल्या वाक्यानं करू नकोस, समोरच्याचं वाक्य *ऐकण्यानं* कर. बघणारे पहिल्या पाच-सात सेकंदांत ठरवतात, आणि ऐकणारा चेहरा बोलणाऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतो. यात्रेच्या नाटकाचं माप इथं चालत नाही. तिथं पाचशे माणसांच्या पलीकडं भुवई पोचवायची होती, इथं माणूस चार फुटांवर आहे. भुवया, मान आणि हात यांना निम्म्यावर आण, विचार मात्र तेवढाच ठेव.

दोन टेक पाठव, एकमेकांपासून वेगळे. दहा पाठवू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता व्हिडिओ टाकला की तो दाबून खराब होतो, डॉक्युमेंट म्हणून जोड किंवा ड्राइव्हची लिंक दे. लिंक ‘कोणालाही बघता येईल’ अशी उघडी आहे ना, ते दुसऱ्याच्या फोनवरून तपास. फाइलला नाव-वय-भूमिका असं नाव दे. ‘व्हिडिओ 0037’ कोणी शोधत बसत नाही.

फोटोंवर पैसे घालू नकोस. साधा शर्ट, सकाळचा उजेड, फिल्टर नाही, गॉगल नाही, बुलेटला टेकून नाही. चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण उभा आणि दोन्ही बाजू. माहितीत खरी येणारी कामं लिही: ट्रॅक्टर, पोहणं, लेझीम, कुस्ती, लेथ. लेथवर हात चालतो हे खोटं करून दाखवता येत नाही, आणि अशी भूमिका आली की तू यादीत वर असतोस.

शिक्षण घ्यायचंच असेल तर रीतसर घे. तुझी पदवी झालीय, त्यामुळं बरीच दारं उघडी आहेत. सगळ्यात जवळचं म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स ही मराठी रंगभूमीची मोठी ठिकाणं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दिल्लीची एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) तीन वर्षांची, विद्यावेतनासह. तिथं पदवीबरोबर निदान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात, म्हणून आतापासून प्रत्येक नाटकाची पत्रिका, फोटो, दिग्दर्शकाची सही असलेलं पत्र एका फाइलीत ठेव. यात्रेतल्या चार नाटकांचीही पत्रिका गावात कोणाच्या तरी ट्रंकेत असेल, काढून घे. कोणताही अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाच.

कन्नड नीट वाचता-लिहिता येत असेल तर एक ठिकाण मी सगळ्यांच्या आधी सांगेन: शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचं नीनासम. के. व्ही. सुब्बण्णा यांनी 1949 साली उभी केलेली संस्था, 1980 पासून नाट्यशिक्षण. दहा महिने तिथंच राहून शिकायचं, खेड्यात, पहाटेपासून रात्रीपर्यंत. तिथून बाहेर पडलेल्यांतले काही जण तिरुगाट या फिरत्या नाटकमंडळीत जातात आणि एकाच हंगामात गावोगाव प्रयोग करतात. तुला ज्याची भूक आहे ते नेमकं हेच. मराठी माध्यमात शिकून कन्नड तोडकंमोडकं असेल तर मात्र आधी सहा महिने भाषेवर घाल. तिथं शिकवणं, वाचणं, सगळं कन्नडमध्ये चालतं. मराठी मुलानं कन्नड रंगभूमीवर जाऊन शिकण्यात काही कमीपणा नाही. भांडणं राजकारणाची, तालमीची नाहीत.

कास्टिंगचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. खऱ्या निरोपात निर्मिती संस्था, भूमिकेचं वय, शूटिंगच्या तारखा आणि ठिकाण असतं. नोंदणी फी, ‘आर्टिस्ट कार्ड’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’, आधी भरायचा कपडेपटाचा खर्च, यातलं एकही आलं की तिथंच थांबायचं. ऑडिशनला नट पैसे देत नाही. को-ऑर्डिनेटर घेतो ते कमिशन, काम झाल्यावर, साधारण दहा ते वीस टक्के. रात्रीच्या वेळी लॉजवर एकट्याला बोलावलं तर मुलगा असलास तरी जायचं नाही. कित्येक वर्षांसाठी ‘फक्त आमच्यामार्फतच काम करीन’ असा कागद पुढं आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. पॅन कार्ड आणि बँक खात्याचं नाव एकच असू दे. मानधनातून बहुधा 10 टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापला जातो, तो रिटर्न भरल्यावरच परत मिळतो. कित्येक नट भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडतात.

वडिलांना ‘मला अ‍ॅक्टर व्हायचंय’ एवढंच सांगू नकोस, त्याला उत्तर नसतं. आकडे सांग. नोकरी चालू राहील, घरात आत्ता देतोस ते कमी होणार नाही, दर महिन्याला चार हजार वेगळ्या खात्यात टाकशील, तालीम आठवड्यात तीन संध्याकाळी, आणि वर्षाअखेर किती प्रयोग झाले ते त्यांच्यासमोर मोजशील. चार हजारानं दोन वर्षांत 96 हजार जमतात. पावणेदोन लाखाला ते कमीच आहेत, म्हणून ओव्हरटाइमचे पैसे त्याच खात्यात. पहिल्या बाहेरगावच्या प्रयोगाला त्यांना घेऊन जा, पुढच्या रांगेत नको, मधे कुठंतरी बसव.

उंचीचं शेवटी. 5 फूट 4 चालते, अनेक चांगले नट त्याच उंचीचे आहेत. फक्त खरी लिही. 5 फूट 7 लिहून गेलास तर कपडेपटवाला माप घेतानाच उघडं पडतं. समोरच्या नटाबरोबरची चौकट त्या उंचीवर ठरलेली असते, मग आयत्या वेळी दुसऱ्याला बोलावतात आणि तो कास्टिंगवाला तुला पुन्हा फोन करत नाही.